प्लासिडकाकांचा पिलात

होळी नावाच्या गावात पिलात कोण, असं विचारलं तर शेंबडं पोरही प्लासिडकाकांचं घर दाखवील. गुड फ्रायडेला गावात क्रुसाची वाट निघते, येशूच्या मरणयात्रेचे प्रसंग गावकरीच उभे करतात, आणि येशूला शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार पिलात कित्येक वर्षं प्लासिडकाकाच होतात. येशू बदलत गेले. एक कॅनडाला गेला, एकाचं पोट सुटलं. पिलात मात्र तोच, बेलाकाकूंनी जुन्या पडद्याचा शिवलेला लाल झगा घालून.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे पिलातविषयी त्यांना भारी जिव्हाळा. "माणूस वाईट नव्हता रे," तालमीत ते पोरांना सांगायचे. "येशू निर्दोष आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण समोर जमाव, वर रोमचा बादशहा. मधल्या माणसानं करायचं काय? 'माझा दोष नाही' म्हणून हात धुऊन मोकळा झाला." सकाळचा पेपर हातात आला की असाच जगभरच्या पुढाऱ्यांचा न्यायनिवाडा चाले. बेलाकाकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "झालं राज्य चालवून? आता नारळ सोला."

एकाच गोष्टीवर मात्र काकांची थट्टा करायची कुणाची टाप नव्हती. टीव्हीवर कुणी पुढारी ख्रिस्ती लोकांना परके म्हणाला की त्यांचा घास घशातच अडकायचा. "परके? आमच्या खापरपणज्यानं याच मातीत केळी लावली," असं म्हणत ते ताटावरून उठायचे. खरंच लागायचं त्यांना.

यंदा मार्चमध्येच गावच्या विहिरीचा तळ दिसू लागला. वाड्यांमधली बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारी तळी, होती तोवर विहिरींना मरण नव्हतं. त्यातली बरीच बुजवून वर इमारती झाल्या. लोकांचा राग खोटा नव्हता. पण बावखलं बुजवणाऱ्यांच्या बंगल्यापर्यंत जायची त्या रागाची हिंमत नव्हती, म्हणून तो हाताशी सापडलेल्या माणसांवर निघाला. शाळेमागच्या खोलीत उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब भाड्यानं राहत होतं. नवरा नायगावच्या टॉवरवर गवंडी, घरात बायको आणि दोन लहान मुली. मागच्या पावसाळ्यात बेलाकाकू अंगणात पाय घसरून पडल्या, तेव्हा याच बाईनं त्यांना उचलून रिक्षात घातलं होतं आणि डॉक्टरकडे रात्र होईपर्यंत त्यांचा हात धरून बसली होती.

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर चर्चच्या आवारात गावची बैठक भरली. काकांचा पुतण्या ब्रायन उभा राहिला. "विहीर गावाची आहे. बाहेरच्यांनी टँकर मागवावा. सिंपल."

सगळ्यांनी प्लासिडकाकांकडे पाहिलं. गावात त्यांचा शब्द चालतो. एकदा नुसतं 'नको' म्हणाले असते तर विषय तिथंच मिटला असता, आणि हे त्यांना चांगलं कळत होतं. पण ब्रायन घरचा, बाकीचे सगळे रोजच्या उठण्याबसण्यातले. काकांनी घसा खाकरला. "गाव ठरवेल ते मला मान्य."

गावानं ठरवलं.

घरी आल्यावर बेलाकाकू पायरीवर चपला काढताना म्हणाल्या, "कुणी परके म्हटलं की तुमच्या घशात घास अडकतो. आज तिच्या घशातलं पाणी काढून आलात." आणि आत गेल्या. काका पायरीवरच बसले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

गुड फ्रायडेला ऊन तापलेलं असतानाच क्रुसाची वाट निघाली. "याला क्रुसावर खिळा!" गाव ओरडलं. काकांनी ओट्यावरून ते चेहरे पाहिले. आजाऱ्याच्या घरी न सांगता पेज पोचवणारी ही माणसं, सगळी आपली, सगळी भली. कुणीतरी पितळेची परात पुढं केली. गावच्या विहिरीचं पाणी, काठोकाठ. काकांनी त्यात हात बुडवले. "या माणसाच्या रक्ताविषयी मी निर्दोष आहे." आवाज असा फुटला की पुढं बसलेल्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. यंदा काकांनी कमाल केली, असं सगळ्यांचंच मत पडलं.

यात्रा गात गात पुढं सरकली आणि काका ओट्यावरून उतरून उलट्या दिशेनं चालू लागले. विहिरीवर जाऊन त्यांनी पोहरा सोडला. दम लागेपर्यंत ओढत हंडा भरला, खांद्यावर घेतला आणि झगा भिजवत शाळेमागची वाट धरली. रोमन शिपाई झालेला ब्रायन पुठ्ठ्याचा भाला सावरत मागून धावत आला. "काका, अहो काका! वाट अर्धीच झालीय. लोक बघतायत!"

काका थांबले नाहीत.

खोलीच्या दारात दोन बोचकी बांधून ठेवलेली होती. मुली त्यांवर बसल्या होत्या. बाई बाहेर आली, भिजलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून गडबडली आणि हंड्याला हात द्यायला पुढं झाली. "चाचा, हम कल जा रहे हैं. गाँव ने मना किया है."

काकांचं हिंदी म्हणजे देवाचीच करणी. "नही जाने का," ते म्हणाले. "वो अपना विहीर है ना, उधर आने का. रोज आने का. पोरी लोग को लेके."

बाईनं हंडा तसाच धरून ठेवला. तिचा विश्वास बसत नव्हता. गल्लीच्या तोंडाशी उभ्या ब्रायनकडे तिनं भीतभीत पाहिलं आणि विचारलं, "किसने बोला?"

दूरवर गाव गात होतं. काकांनी ब्रायनकडे वळून पाहिलं, आणि त्याला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हम बोला. प्लासिड."