बारीक दळण

महाराष्ट्रात नदीकाठी जेवढ्या म्हणून नगरपालिका आहेत, त्यांच्या सगळ्या आजी-माजी नगराध्यक्षांची काळजी एका पारड्यात घाला आणि दुसऱ्यात आमच्या हिच्या मावशींना नुसतं बसवा. मावशींचं पारडं दाणकन जमिनीला टेकेल, आणि वर त्या विचारतील, "ही जमीन पूररेषेच्या आत आहे की बाहेर?" मी बढाया मारतो असं पनवेलात पुष्कळ जण म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे तीन महिने राहिल्या आणि त्या तीन महिन्यांत माझं वजन सहा किलोंनी उतरलं. डोळ्यावर पट्टी असतानाच त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "तुमच्या दवाखान्याचं गटार कुठे जाऊन मिळतं?" पट्टी सुटली तेव्हा समोर भाची उभी होती, भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. मावशींना आधी दिसली ती तिच्या मागच्या भिंतीवरची ओल. "इथपर्यंत आलं होतं?" म्हणाल्या.

मावशी कोकणातल्या एका नदीकाठच्या गावच्या पाच वर्षं नगराध्यक्षा होत्या. गावाचं नाव सांगत नाही. तिथे आमच्या हिचं माहेर आहे आणि मला दरवर्षी गणपतीला जेवायला जावं लागतं. त्याआधीची पंचवीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली. मग एका वर्षी नगराध्यक्षपदाची सोडत निघाली, चिठ्ठी महिलेची निघाली, आणि पक्षाची चार वजनदार माणसं गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली. ती आली होती काकांकडे. पाटी बाईच्या नावाची, खुर्ची बुवाची, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. काकांनी त्याच संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांचे सहा जोड शिवायला टाकले. मावशी निवडून आल्या. पहिल्या सभेला काका नवा सदरा घालून त्यांच्या चार पावलं पुढे चालू लागले, तेव्हा मावशींनी कमरेची गिरणीची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. "नाचणीवाले खोळंबलेत," म्हणाल्या. काका त्या दिवसापासून गिरणीवर आहेत. सहा जोड वाया गेले म्हणता येत नाही. पांढऱ्यावर पीठ उडालेलं दिसत नाही, एवढी त्यांची राजकीय कमाई.

नगराध्यक्षांबद्दल मावशींचा एक सिद्धांत होता आणि तो त्या मला रोज सकाळी चहाबरोबर पाजत. "जावईबापू, नगराध्यक्ष आधी काय धंदा करत होता ते मला सांगा, मी त्याच्या गावचा पूर सांगते." अमुक गावचा नगराध्यक्ष सोनार होता, त्याने गटारं बांधली ती चिमटीत मावतील एवढी. तमुक गावी वकील होता; पाणी पेठेत शिरलं तरी तो नदीकडे पुढची तारीख मागत बसला. एक जण बँडमास्तर. त्याने धोक्याची सूचना लाउडस्पीकरवरून इतकी सुरेख दिली, की घरात बसलेलं अर्धं गाव ती ऐकायला नदीवर आलं. आणि एक होता पैलवान. त्याने स्वतः पाण्यात उतरून एकोणीस माणसं पाठीवरून काठाला आणली. "त्यातली सात माणसं पलीकडच्या काठाला जायला निघाली होती," मावशी म्हणत. "काढलंस कुणाला ते तरी विचार की मेल्या!"

"आणि गिरणीवाली असेल तर?" मी एकदा विचारलं.

"गिरणीवालीला कोण किती खातं ते ठाऊक असतं," म्हणाल्या, आणि माझ्या बशीतलं चौथं बटर उचलून डब्यात ठेवलं.

त्यांच्या कारकिर्दीत गावात मोठा पूर आला. भर दुपारी पाणी बाजारात शिरलं. मावशी शाळेच्या पायरीवर बसल्या. हातात यादी नाही, कागद नाही, बोलावलेला तलाठी पलीकडच्या काठाला अडकलेला. होडीतून एकेक कुटुंब उतरे आणि मावशी दळणाचा हिशेब विचारत. "तुमच्यात आठवड्याला आठ किलो तांदूळ आणि चार किलो नाचणी. म्हणजे खाणारी तोंडं सात. इथे पाचच दिसतात, दोन कुठायत?" दोघं गोठ्यात म्हशी सोडायला गेलेले. होडी परत धावली. एक कुटुंब म्हणालं, आम्ही सगळे आलो. मावशी म्हणाल्या, "मग ते किलोभर बारीक दळण कुणाचं?" बारीक दळण म्हणजे गिरणीचा दगड आवळून काढलेलं, हाताला लागतसुद्धा नाही असं तांदळाचं पीठ. त्याची भाकरी दात नसलेला माणूस जिभेने मोडून खातो. घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मुलाला वाटलं होतं आजोबांना सुनेने काढलं, सुनेला वाटलं मुलाने. आजोबा माळ्यावर घोरत होते. गावात अजून सांगतात, की नगराध्यक्षाबाईंनी पुरातलं सगळं गाव दळणावर मोजून काढलं, एक माणूस कमी नाही.

आता अशा बाईला तुम्ही पनवेलजवळच्या आमच्या विचुंब्याला आणून ठेवलंत तर काय होईल? आमची बिल्डिंग गाढी नदीपासून हाकेच्या अंतरावर. बिल्डरने जाहिरातीत लिहिलं होतं, घरबसल्या नदीचं दर्शन. पावसाळ्यात नदीही घरबसल्या लोकांचं दर्शन घ्यायला येते, हे त्याने लिहिलं नव्हतं. मावशी पहाटेच मला हलवून उठवत. "मोबाईल बघा, आज भरती किती वाजता?" कारण वरून पाऊस आणि खालून खाडीची भरती अशी दोन्हीकडून गाढी कोंडली, की ती रस्त्यावर चढते, हे त्यांनी आल्याच्या तिसऱ्या दिवशी शोधून काढलं होतं. पण खरी काळजी निराळीच. "इथे माणसं मोजायची कशावर हो?" सगळ्यांच्या घरी पिशवीतलं तयार पीठ. मग मावशी दारातल्या चपला मोजू लागल्या. दुधाच्या पिशव्या मोजू लागल्या. दोरीवरचे कपडे मोजताना त्यांना चेअरमनसाहेबांनीच पकडलं. आमचे चेअरमन म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. श्वाससुद्धा आवक-जावक नोंदवून घेतात.

"अहो, तुमच्या मावशी आमच्या घरातले कपडे मोजतात!"

"साहेब, त्या माजी नगराध्यक्षा आहेत."

"असतील! पण कपडे आजी चेअरमनचे आहेत!"

शेवटी मावशींना गावठाणात एक चालू गिरणी सापडली आणि आमच्या बिल्डिंगने सुटकेचा निःश्वास टाकला. गिरणीवाला आगरी, गप्पिष्ट. त्याने मावशींना पोत्यावर बसवलं. "बसा मावशे, आमचा दगड बरा हाय का नाय, तुमीच सांगा." मावशी रोज सकाळी दोन तास तिथे बसत आणि चेहऱ्यावर पीठ घेऊन प्रसन्न परत येत. पण एक दिवस आल्या त्या पिठापेक्षा पांढऱ्या पडून.

आमच्या तळमजल्यावर एक मुलगी राहत असे. खारघरच्या एका कॉलेजात शिकवायची. नवरा जहाजावर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. सकाळी आठला दाराला कुलूप, संध्याकाळी सहाला उघडणार. कुणाशी बोलणं नाही, भांडण नाही. बिल्डिंगच्या लेखी ती एकटी होती. "एकटी नाही," मावशी म्हणाल्या. "दर रविवारी ती किलोभर तांदूळ नेते दळायला. बारीक. गिरणीवाल्याला मी विचारलं. तो म्हणाला, घरात म्हातारी सासू हाय तिच्या. जावईबापू, आत दात नसलेलं माणूस आहे आणि बाहेरून कुलूप!"

मी म्हणालो, मावशी, असेल काही अडचण, म्हातारी माणसं भ्रमिष्ट होतात, दार उघडून रस्त्यावर जातात. आपण कशाला दुसऱ्याच्या घरात डोकावायचं? मावशी दोनदा भर दुपारी ते दार वाजवून आल्या. आतून आवाज नाही. संध्याकाळी मुलीला गाठायला गेल्या, तर तिने फटीतूनच "दमलेय मावशी, नंतर" म्हणून दार लावलं. त्या रात्री मावशी जेवल्या नाहीत. मी थट्टेत म्हणालो, "अहो, तुम्ही अख्खं गाव काढलंत पुरातून, एक माणूस कमी नाही. इथे एका म्हातारीचं काय घेऊन बसलात?"

मावशी तांदूळ निवडत होत्या. खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "एक होती कमी. पुलाखाली राहायची. मोळ्या विकायची, आणि चार घरच्या शिळ्या भाकरीवर जगायची. जिचं दळणच कधी आलं नाही, ती मला आठवणार कशी? पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, मोळीवाली दिसली नाही." मी समोर बसून त्यांच्याबरोबर तांदूळ निवडू लागलो.

पुढच्याच आठवड्यात जे व्हायचं ते झालं. रात्रभर धो धो पाऊस, सकाळी साडेअकराची भरती. बारा वाजता आमच्या पार्किंगमध्ये गाढी आली, साडेबाराला तळमजल्याच्या पायरीवर. वीज घालवली होती. तळमजल्याची तीन बिऱ्हाडं सामानसुमान घेऊन जिन्यात आली. चेअरमनसाहेब छत्री धरून जिन्यातच हजेरी घेत होते. "तळमजला रिकामा. चौथ्या फ्लॅटला कुलूप, म्हणजे घरात कुणी नाही. नोंद झाली."

"आत माणूस आहे," मावशी म्हणाल्या.

आम्ही त्या मुलीला फोन लावला. लागेना. दार ठोठावलं. पाणी घोट्यावर आलं होतं आणि दाराखालच्या फटीतून शांतपणे आत चाललं होतं.

"कुलूप तोडा," मावशी म्हणाल्या.

"असं कसं तोडता येईल?" चेअरमन ओरडले. "ती सभासदाची मालमत्ता आहे! कमिटीचा ठराव लागेल!"

"ठराव नदीनं केलाय, भाऊ. तिथे विरोधात कुणी नसतं. जावईबापू, पहार आणा!"

शेजारच्या बांधकामावरून मी पहार आणली. मी पहारीने हत्ती लोळवले आहेत असं मित्रांना सांगतो; खरं सांगायचं तर पहिले तीन घाव भिंतीवर बसले. ऐंशी वर्षांची बाई अंधारात, पाण्यात, आणि मी तिच्यावरून आठवडाभर विनोद केले होते. चौथ्या घावाला कडी निसटली. मावशी माझ्या आधी आत घुसल्या, गुडघ्यावर साडी धरून. "आजी! ओ आजी! भिऊ नका, मी आलेय!" स्वयंपाकघर पाहिलं. न्हाणीघर पाहिलं. आतल्या खोलीत खिडकीपाशी एक खाट होती. खाटेखालच्या पाण्यात हात घालून चाचपण्याचं काम माझ्याकडे आलं. ते कसं केलं ते मी सांगणार नाही, कारण त्यात वाढवून सांगण्यासारखं काही नाही. हाताला एक सपात लागली. बाकी काही नाही. खाटेवर चादर ताणून घातलेली, उशाशी जुनेराची मऊ घडी. घरात कुणी नव्हतं.

"लिहून घेतो," चेअरमन दारातून म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "माजी नगराध्यक्षांची मोजणी चुकली."

मावशी त्या खाटेवर बसल्या. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात ती मुलगी आली. कमरेपर्यंत भिजलेली, पर्स डोक्यावर धरलेली. रस्ता बंद म्हणून कुठूनशी चालत आली होती. तिने फुटलेलं दार पाहिलं, माझ्या हातातली पहार पाहिली, खाटेवरच्या मावशी पाहिल्या. मला वाटलं आता पोलीस.

"पोरी, तुझी सासू कुठाय?" मावशींनी विचारलं.

तिने डोक्यावरची पर्स खाली घेतली. मग म्हणाली, "गेल्या."

"गेल्या कुठे, या पाण्यात?"

"तशा नाही. गेल्या, मावशी. एप्रिलमध्ये. हॉस्पिटलात."

पहार खाली ठेवावी म्हटलं, तर खाली पाणी.

"आणि दळण?" मावशी म्हणाल्या.

"त्या गेल्यावर पहिल्या रविवारी सवयीनेच पिशवी घेऊन निघाले. गिरणीवाल्या दादांनी विचारलं, म्हातारी कशी हाय? मी म्हटलं, बरी आहे." ती पदर पिळता पिळता थांबली. "दुसऱ्या रविवारी परत विचारलं. इथे या बिल्डिंगमध्ये आई होत्या हेच कुणाला माहीत नव्हतं, मावशी, मग गेल्या हे कुणाला सांगायचं? आठवड्यातून एक माणूस त्यांची चौकशी करत होतं. पीठ न्यायचं थांबवलं असतं, तर तेही थांबलं असतं."

चेअरमनसाहेबांनी वही मिटली. मोठ्या कामाला निघाल्यासारखे ते जिना चढून गेले, आणि थोड्या वेळाने स्वतःच्या घरचा कोरडा टॉवेल घेऊन खाली आले. त्यांनी तो मुलीच्या हातात दिला आणि नेमकं काय बोलायचं ते न सुचून म्हणाले, "हा कोरडा आहे."

मावशी बाजूला सरकल्या आणि खाटेवर जागा केली. मुलगी बसली. खाली पाणी तसंच होतं, वाढत नव्हतं, कमीही होत नव्हतं. दोघींनी पाय वर घेतले.

"नाव काय होतं गं त्यांचं?" मावशींनी विचारलं.

मुलीने नाव सांगितलं. मग माहेरचं नाव सांगितलं. मग त्या भाकरी दुधात बुडवायच्या की आमटीत, ते सांगितलं. मग बोलतच राहिली. मावशी एकदाही मध्ये बोलल्या नाहीत, जे मी तरी आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी दारात उभा होतो, एका हातात पहार, दुसऱ्या हातात कडीसकट निघालेलं कुलूप. ते कुठे ठेवू, हे विचारायचं होतं. पण त्या दोघींच्या मध्ये बोलायची माझी छाती झाली नाही.