तळटीप क्रमांक तीन

माझी धाकटी बहीण शिक्षण खात्याच्या सांख्यिकी शाखेत लिपिक होती. सगळे तिला आकडेबाई म्हणायचे. तिच्या मनात डूख होता आणि तो तिने सहा वर्षं जपला. लोक म्हणतात, बाईमाणसाने विसरावं. का म्हणून?

तिच्या शाखेतून दरवर्षी एक तक्ता निघायचा: शिक्षणावर आपलं सरकार किती खर्च करतं आणि शेजारच्या देशाचं किती. सहा वर्षांपूर्वी संचालक साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, आपली मंजूर रक्कम घ्या. त्यांची मात्र प्रत्यक्ष खर्च झालेली."

मंजूर म्हणजे सरकारने जाहीर केलेली, खर्च म्हणजे खरोखर शाळांपर्यंत पोचलेली. पहिली नेहमीच फुगलेली असते, त्यामुळे आपला देश आपोआप पुढे. ही म्हणाली, "साहेब, आपल्याला एक माप आणि त्यांना दुसरं?"

"तुम्ही टाइप करा. आणि खाली टीप नको, जागा नाही."

खात्याचा नियम होता की आकडे कुठल्या पद्धतीने आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतले ते तक्त्याखाली लिहायचं. ही घाबरली, टीप गाळली. चूक तिचीच, हे मी तिला तोंडावर सांगितलंय. महिनाभरात एका वर्तमानपत्राने तक्त्याची चिरफाड केली आणि साहेबांनी चौकशीत लिहून दिलं, 'लिपिकेचा निष्काळजीपणा.' बढती गेली. तळघरातल्या जुन्या फायलींत तिची रवानगी झाली. तिथे ती धुळीने खोकायची आणि घरी येऊन नवऱ्यावर डाफरायची. बिचारे भाऊजी!

यंदा साहेबांना निवृत्तीनंतरची खुर्ची हवी होती. दोन्ही देशांची मिळून एक शिक्षण समिती होणार होती, तिचं अध्यक्षपद. त्यासाठी गेल्या दहा वर्षांचा तुलनात्मक तक्ता लागला. शाखेतल्या नव्या पोरापोरींना तो जमेना. साहेब स्वतः तळघरात उतरले.

"बाई, झालं गेलं सोडून द्या. तुमच्यासारखं काम कुणाला येतं?"

"सोडलं की, साहेब," ही गोड हसून म्हणाली. ती गोड हसली की घरात आम्ही लांब सरकतो.

तक्ता तिने चोख केला. दोन्ही देशांना एकच माप, प्रत्यक्ष खर्चाचं. आपण दहापैकी आठ वर्षं मागे. खाली चार टिपा. साहेबांनी फक्त मथळा वाचला, झोकात सही ठोकली आणि प्रती वाटायला पाठवल्या.

दोन्ही देशांच्या बैठकीत कागद पुरवायला हीच होती. शेजारच्या देशाच्या एक अधिकारी बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वी तुम्ही छापलेला आकडा वेगळा होता. आणि ही तिसरी टीप..." त्यांनी ती वाचलीच: "'त्या वर्षी दोन देशांना दोन मापं लावण्याचा आदेश संचालकांनी तोंडी दिला. लिपिकेने हरकत घेतली होती.' हे खरं का?"

साहेब गर्रकन वळले. "बाई, हे काय लिहिलंय?"

"खाली सही आपलीच आहे, साहेब."

आता काय बोलणार? खोटं म्हणावं तर न वाचता सही केल्याची कबुली, आणि असा माणूस अध्यक्ष कसा? खरं म्हणावं तरी खुर्ची गेलीच. ते टेबलाकडे बघत पुटपुटले, "खरं आहे."

खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. हिची बढती काही परत आली नाही. तिच्या निवृत्तीला चारच महिने उरले होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय गं, त्याचा चेहरा बघून जरा तरी दया आली का?"

"दया?" चपला काढत ती म्हणाली. "इतिवृत्त लिहिणाऱ्याला ऐकू आलं नव्हतं, ताई. म्हटलं, साहेब, परत एकदा सांगा. जरा मोठ्याने."