गप्प बसलेल्या जावा

आमच्या बायकोला हल्ली लोक ‘सोडून गेलेली’ म्हणतात. मला नाही हो सोडलं, आपलं कुठलं एवढं नशीब! ती शिवणकाम करते. नव्या वसाहतीत, घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. पूर्वी शिवता शिवता अख्ख्या गल्लीशी तिची बडबड चालायची. आता बायका कपडे टाकतात, माप देतात आणि चालू पडतात. हे सगळं त्या फिल्ममुळे झालं.

फिल्म हवामानबदलावर. म्हणजे समुद्र किती वाढला याची नाही, तो वाढल्यावर माणसांचं काय होतं याची. दिग्दर्शिका बाई तशी चांगली. आमच्याकडे जेवली की स्वतःचं ताट घासून ठेवायची. आमचं जुनं घर तेव्हा पाण्याच्या तोंडाशी आलं होतं, भरतीला स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. घरात माझी अंथरुणाला खिळलेली आई, आम्ही दोघं आणि वहिनी. थोरला भाऊ मागेच वारला होता. वहिनीचा मुलगा शहरात वेल्डिंगचं काम करतो.

शेवटी वहिनीनेच फर्मान काढलं. “सासूबाईंना घेऊन तुम्ही पुढे व्हा. मी मागचं आवरून येते.” वहिनीपुढे कोणाची काय टाप! आम्ही निघालो. ती मात्र येते येते म्हणत तिथेच राहिली. ओलीने तिची छाती धरली. दवाखान्यात नेली, ती परत आली नाही.

पुढे शाळेच्या सभागृहात फिल्म दाखवली. सगळी वसाहत हजर. पडद्यावर वहिनी, अगदी जवळून. मागून बाईंचा आवाज येतो, “धाकट्या जाऊबाई सोडून गेल्या, काय वाटतं?” वहिनी बोलतच नाही. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी थरथरतेय, आणि बघता बघता डोळे भरून येतात. सभागृहात नाकं ओढायचे आवाज सुरू झाले. पुतण्या आमच्या मागेच बसला होता. दिवे लागल्यावर काकूकडे ढुंकूनही न बघता तो बाहेर पडला. लहानपणी तिच्या हातून भरवून घेतल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तोच हा.

आता खरं काय ते ऐका. या फिल्मवाल्यांची एक पद्धत असते. खोलीतलं काम संपलं की आवाजवाला सगळ्यांना गप्प बसवतो आणि नुसत्या खोलीचा आवाज भरून घेतो. तुकडे जोडताना तो लागतो म्हणे. आम्ही जुन्या घरात होतो तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघरात वहिनी स्टुलावर, समोर आमची बायको. गप्प बसा म्हटलं की या दोघींना हसू आवरायचं नाही. त्यात आमची ही गाल फुगवून, डोळे मिटून त्या आवाजवाल्याची नक्कल करायला लागली. वहिनीची हसू दाबता दाबता पुरेवाट झाली, डोळ्यांतून पाणी आलं. कॅमेरा चालूच होता. मी दारात उभा राहून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बायकोने पुतण्याला हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, “आई रडतेय, आणि तुम्ही म्हणता हसतेय? लाज वाटत नाही, काकू?”

मग मीच बाईंना बोलावून घेतलं. बिचारीचा चेहरा उतरला. म्हणाली, “तो प्रश्न मी तुम्ही गेल्यावर अंगणात विचारला होता. ‘मीच पाठवलं तिला’ असंच काहीतरी त्या म्हणाल्या. पण वारा एवढा होता, की एक शब्द धड आला नाही. म्हणून स्वयंपाकघरातला तो चेहरा तिथे लावला. मला खरंच वाटलं, त्या रडतायत.”

“वाटलं?” माझं डोकंच फिरलं. “तुम्हाला वाटलं, आणि आमच्या घराचा सत्यानाश झाला!”

बाईंनी तिथूनच पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, “काकूंनी पढवलेलं दिसतंय तुम्हाला,” आणि फोन ठेवला.

“मी तो तुकडाच काढून टाकते,” बाई म्हणाली. “इथे पुन्हा फिल्म दाखवू, लोकांनाही स्पष्ट सांगू.”

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. बायको हातातल्या कापडाची शिवण उसवत बसली होती. तिने विचारलं, “त्याच्या जागी काय येणार?”

“समुद्र.”

“आणि जाऊबाई?”

“आहेत ना. लांबून, दोरीवर कपडे वाळत घालताना.”

“मग नको. राहू दे.”

मी ओरडलोच. म्हटलं, अगं, जन्मभर बोल लावतील लोक!

“लावू देत. पुतण्याची बायको सांगत होती, कामावरून आला की जेवणाआधी तो मोबाईलवर नेटवरच्या फिल्ममधलं तेवढंच लावून बघतो. जवळून असा आईचा एक फोटो नाही हो त्याच्याकडे.” तिने दोरा तोडला. “आणि त्यात ती बघतेय माझ्याकडे. ते कसं काढायला सांगू?”