महादेवीचा डावा पाय

महादेवी गेली त्याला आता महिना होत आला. त्या दिवशी सकाळी तिच्या सुनेचा फोन आला, "मावशी, लवकर या," एवढंच. शुक्रवार पेठेतल्या घरी पोचले, तर तिचे मालक, आमचे दाजी, उंबऱ्यातच बसलेले. काही विचारायचं राहिलंच नाही.

माझी धाकटी बहीण ती. पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय हे कसंबसं पचवलं होतं, तेवढ्यात तिचा डावा पाय सुजून खांबासारखा झाला. डॉक्टर म्हणाले, या आजारात रक्त गोठतं, पायाच्या शिरेत गाठ धरलीय. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शन रोज पोटात, आणि वर ताकीद... पाय चोळायचा नाही, चेपायचा नाही.

आता आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला आलेली बाई खुर्चीवर बसते का? पायथ्याशी बसायचं, बोलता बोलता पाय चेपायचे, हीच माया. येईल तिचा हात आपसूक तिकडं जायचा आणि मी मध्ये आडवी. एकदा तर दाजीच तेल कोमट करून घेऊन आले. महादेवी हसली. "जलमभर मी ह्येंचे पाय चेपले. ह्येंची पाळी आली, तर डाक्टर आडवा आला की."

दाजी वाटी धरून तसेच उभे. "मग मी करू काय, अक्का?" म्हणाले. मी वाटी त्यांच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली.

पुढं उलटीतून रक्त पडायला लागलं. इंजेक्शन द्यावं तर रक्त थांबेना, न द्यावं तर गाठ वाढणार. डॉक्टरांनी डोस निम्मा केला, मग बंदच केला. म्हणाले, आता दोन्हीकडून धोका आहे, त्यांचा त्रास कमी करू. पाय पुन्हा टरटरून सुजला.

"अक्का, लई ठणकतंय. जरा दाब की." मी नुसता हात ठेवायची. "हात ठिवलाय व्हय? मला वाटलं माशी बसली."

त्या सकाळी एकाएकी धाप लागली आणि संपलं. गाठच वर गेली असणार, डॉक्टर म्हणाले.

आमच्यात गेलेल्या माणसाला मांडी घालून, बसवूनच मातीत ठेवतात. आंघोळ घातली, विभूती लावली. उजवा पाय दुमडला, डावा काही दुमडेना. मी दाजींना आत बोलावलं. ते पायाशी बसले आणि दोन्ही हातांनी, गुडघ्यापासून खाली, सावकाश चेपायला लागले... कुणी त्यांना अडवलं नाही.