सकाळचा गट, दुपारचा गट आणि मी

पक्षात किस्से खूप होतात, पण ते ऐकायला दुसरं माणूस लागतं. मी फरीदाबादला एका खोलीत एकटी राहते. पुण्यातल्या मैत्रिणींना व्हॉइस नोट पाठवते, त्या दोन दिवसांनी अंगठा पाठवतात. मग किस्से साचत जातात. म्हणून लिहून काढतेय.

वरचे नेते मुंबईत फुटले, म्हणून आम्ही दिल्लीत फुटलो. दिल्लीत मला सोडून मुळात अकरा जण. त्याचे दोन गट झाले, सहा आणि पाच. सहांचे प्रमुख दादासाहेब. चाळीस वर्षांपूर्वी एका खासदाराचे पीए म्हणून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. पाचांचे प्रमुख नाना, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. आणि मला हवी होती एकच गोष्ट. फरीदाबादच्या माझ्या वॉर्डात कारखान्यांच्या निमित्तानं आलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. ती एवढी एक जागा आमची असायची. मागच्या वेळी दोन्ही गटांनी आपापला उमेदवार दिला आणि जागा गेली. या वेळी एकच उमेदवार द्यावा, बस. आधी एक वॉर्ड तरी परत मिळवू, मग देशाचं बघू.

•

ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. भाडेकरार दोघांच्या नावावर, त्यामुळे कोणीच कोणाला काढू शकत नाही. तोडगा निघाला तो असा : दहा ते दोन दादासाहेबांचा गट, दोन ते सहा नानांचा.

भिंतीवर पक्षाच्या संस्थापकांचा फोटो आहे, तो दोघांचा. हार मात्र वेगवेगळे. दोन वाजायला पाच मिनिटं असताना दादासाहेब स्वतः स्टुलावर चढून सकाळचा हार उतरवतात आणि पिशवीत घालून घरी नेतात. दोन वाजता नाना स्वतःचा हार घेऊन त्याच स्टुलावर चढतात.

मी एकदा म्हटलं, "हार एकच ठेवला तर चालणार नाही का?"

दादासाहेब म्हणाले, "अगं, तत्त्वाचा प्रश्न आहे."

दुपारी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "माझा ताजा असतो."

•

मराठी टायपिंग दोन्ही गटांत कोणालाच येत नाही. म्हणून मी दोन्हीकडे. सकाळी दादासाहेब सांगतात, "लिही, नानांच्या गटानं मतदारांचा विश्वासघात केला." मी लिहिते, पत्रकारांना पाठवते. दुपारी नाना तेच वाचून लाल होतात. "कोणी लिहिलंय हे? भाषा बघ, भाषा." मी म्हणते, "भाषा चांगली आहे." मग त्याला सडेतोड उत्तर लिहिते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेब वाचतात.

मागच्या हिवाळ्यात मला ताप आला. चार दिवस खोलीतून बाहेर पडले नाही. पॅरासिटामॉल, खिचडी आणि मी. चार दिवसांत एकच फोन आला, एका हिंदी वर्तमानपत्राच्या रिपोर्टरचा.

"मॅडम, पार्टी में सुलह हो गई क्या? चार दिन से कुछ आया नहीं."

मी म्हटलं, "नहीं, मैं बीमार हूँ."

तो म्हणाला, "अच्छा. तो सोमवार से?"

•

मतदार परत कसे मिळवायचे यावर दादासाहेबांच्या गटाची चिंतन बैठक झाली. दादासाहेब म्हणाले, "मतदार कुठे गेलेले नाहीत. रुसलेत. परत येतील."

मी म्हटलं, "आपण जाऊन विचारू या ना, का रुसलात म्हणून. मी राहते तिथेच. मेट्रोनं तासाभरात पोचाल."

"आपण जायचं?" दादासाहेबांनी खरोखरच्या आश्चर्यानं विचारलं. "त्यांनी यावं की. मी दोन वाजेपर्यंत असतो."

दुपारी नानांनाही तेच सांगून पाहिलं. नाना विचारात पडले. मला बरं वाटलं. मग म्हणाले, "दोनच्या आधी येऊ देऊ नकोस म्हणजे झालं."

•

शेवटी मी एकटीच फिरले. रविवारी, दारोदार. आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर नसीम काकू राहतात. मूळच्या मिरजेच्या, इथे एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा गेला, मुलगी बंगलोरला. त्यांनी मला आत बोलावलं, पोहे केले, आणि मी दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदा कोणी तरी माझ्यासमोर बसून, मी संपवेपर्यंत बसून राहिलं.

मी विचारलं, "काकू, मागच्या वेळी मत कोणाला दिलंत?"

"कोणालाच नाही."

"का?"

"तुमचे दोन्ही उमेदवार याच जिन्यातले. एक वरचा, एक खालचा. एकाला दिलं तर दुसऱ्याला रोज तोंड कसं दाखवायचं? घरीच बसले." त्यांनी माझ्या ताटलीत अजून पोहे वाढले. "सगळा जिना घरीच बसला होता. आम्ही गच्चीवर पापड घातले त्या दिवशी."

दादासाहेबांच्या चिंतन बैठकीचं इतिवृत्त सात पानांचं आहे. त्यात हे कुठे नाही.

•

दर जानेवारीत पानिपतला जाऊन तिथल्या लढाईत पडलेल्यांना वंदन करायची आमच्याकडे पद्धत आहे. फुटीनंतरही दोन्ही गट गेले, एकाच दिवशी, दोन गाड्यांतून. वाटेत एकाच ढाब्यावर थांबले आणि एकमेकांकडे पाठ करून पराठे खाल्ले. मी कोणाच्या टेबलावर बसले असते तरी दुसऱ्याला राग आला असता. मी तिसऱ्या टेबलावर बसले. वेटरनं विचारलं, "मॅडम, आप अकेली?" मी दोन्हीकडच्या अकरा पाठी मोजल्या आणि म्हटलं, "हाँ जी."

स्मारकापाशी आधी दादासाहेब बोलले. आपसांतल्या दुहीनं मराठ्यांचा घात केला, आता तरी एक व्हा, वगैरे. टाळ्या पडल्या. अर्ध्या तासानं नाना उभे राहिले. तेच भाषण, शब्दन् शब्द तेच. पुन्हा टाळ्या पडल्या, काही तर त्याच लोकांनी वाजवल्या.

भाषण मीच दोघांना दिलं होतं. मुद्दामच. वाटलं होतं, एकाच व्यासपीठावर तेच बोलताना तरी लक्षात येईल, की भांडायला काही उरलेलंच नाही.

परतीच्या वाटेवर मी दादासाहेबांच्या गाडीत होते. ती गॅससाठी थांबली तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "नानांचं भाषण ऐकलंस?"

मी पुढे सरकून बसले. "ऐकलं."

"अगदीच साधारण होतं."

•

मग निवडणूक लागली. अर्ज भरायची मुदत शुक्रवारपर्यंत. मंगळवारी मी खोटं बोलले. दादासाहेबांना सांगितलं, वॉर्डातल्या एक वजनदार बाई फक्त तुम्हालाच भेटायचं म्हणतायत. नानांनाही तेच सांगितलं. बुधवारी चार वाजता दोघं दोन टॅक्सींतून आले आणि नसीम काकूंच्या सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती. मी दारात उभी राहिले, कोणी पळून जाऊ नये म्हणून.

काकूंनी चहा दिला आणि थेट विचारलं, "मागच्या निवडणुकीनंतर तुमच्यातलं कोण आलं हो आमच्या जिन्यात?"

दोघांनी कपात पाहिलं.

"ही येते," काकू म्हणाल्या. "दर रविवारी. नळाचं पाणी येत नव्हतं, तेव्हा हिनं आमचे अर्ज लिहिले. हिचं मतही इथलंच आहे. हिलाच उभी करा. सगळा जिना खाली उतरेल."

मला हे माहीत नव्हतं. शपथ.

दादासाहेबांनी मान वळवून नानांकडे पाहिलं. नानांनी दादासाहेबांकडे. फुटीनंतर पहिल्यांदाच.

"लहान आहे," दादासाहेब म्हणाले.

"फार लहान आहे," नाना म्हणाले.

"अनुभव लागतो."

"बिल्कुल. आणि स्वभाव तापट."

"तुम्हालाही उलट बोलते?"

"रोज."

"मला वाटलं, फक्त सकाळी."

नाना हसले. दादासाहेब जरा मधे सरकले. मग नानाही सरकले. पुढचा पाऊण तास माझ्यात काय काय कमी आहे यावर त्यांचं एकेका मुद्द्यावर एकमत होत गेलं. काकूंनी दुसऱ्यांदा चहा ठेवला.

मग नानांनी अचानक विचारलं, "ताई, तुमचं वय काय?"

"एकाहत्तर."

दोघांनी पुन्हा एकमेकांकडे पाहिलं.

"अगदी योग्य वय आहे," दादासाहेब म्हणाले.

काकूंनी आधी नाही म्हटलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही माझ्याबरोबर फिरणार असेल तर."

"फिरेल की," दोघं म्हणाले.

खाली त्यांनी एक टॅक्सी सोडून दिली आणि एकाच टॅक्सीत मागे शेजारी बसले. मी फाटकापाशी उभी होते. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. नानांनी काच खाली केली.

"सायली, रात्रीपर्यंत प्रेस नोट काढ. दोघांच्या सहीची."

"त्यात काय लिहू?"

नाना आत वळले. काही तरी कुजबुज झाली. मग दादासाहेबांनी त्यांच्या अंगावरून वाकून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"लिही, पक्षानं आता तरुणांना संधी द्यायचं ठरवलंय."