पेट्रोलमधलं औषध

चामटोलीच्या नाथाने उभं आयुष्य बदलापूर स्टेशनबाहेर रिक्षा चालवली. जुन्या धाटणीची रिक्षा, पेट्रोलबरोबर तेलही पिणारी. पंपावर आजच्या धंद्यापुरतं पेट्रोल घ्यायचं, वर मापाने तेल ओतायचं आणि मग रिक्षा धरून डावी-उजवी हलवायची, म्हणजे दोन्ही नीट मिसळतं. तान्ह्याला झोका द्यावा तसा नाथा रिक्षा हलवायचा. तेल कमी पडून जाम झालेल्या गाड्या त्याने रस्त्याकडेला पुष्कळ पाहिल्या. त्याची एकदाही झाली नाही. याचा त्याला अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

मग त्या रिक्षा गेल्या. नाथाचे गुडघेही गेले. साठवलेल्या पैशातून त्याने एक वापरलेली छोटी पेट्रोल गाडी घेतली, ती धंद्यासाठी नव्हे. थोरली बहीण रखमा नवऱ्यामागे त्याच्याकडेच राहायला आली होती, आणि तिच्या किडन्या थकल्या होत्या. तिला आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये डायलिसिसला न्यावं लागे. मशीनवरची पाळी चुकली की अंगात पाणी साचायचं, पाय सुजायचे, श्वास लागायचा. डॉक्टरांनी तिला पाणीसुद्धा मोजून दिलं होतं. नाथा सकाळीच तिची बाटली भरून ठेवी आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवी.

"एक घोट जास्त दे रं, जीभ चिकटली," ती म्हणायची.

"माप म्हंजे माप, बाय," नाथा म्हणायचा आणि बाटली उचलून ठेवायचा.

अशा दिवसांत पंपावर नवीनच बोलणं सुरू झालं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल जास्त घालतात. कुणी म्हणे त्याला पाणी सुटतं, कुणी म्हणे ते रबर खातं. जितकी तोंडं तितक्या गोष्टी. नाथाची झोप उडाली. गाडी रस्त्यात थांबली तर बायचं काय? त्याने कॅम्प चारमधल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून पेट्रोलमध्ये टाकायचं औषध आणलं. दुकानदार सिंधी सेठ हसत म्हणाला होता, "पूरी टाकी को एक बाटली, काका. वो भी कभी कभी. दवा है, दारू नहीं."

पण नाथाने जन्मात पुरी टाकी भरली नव्हती. रिक्षावाल्याचा हात. फेरीपुरतं पेट्रोल घ्यायचं, आणि पेट्रोल घेतलं की वर काहीतरी ओतायचं, हे त्या हाताला इतकं ठाऊक होतं की डोक्याला कुणी विचारलंच नाही. दर फेरीला थोडं पेट्रोल आणि अख्खी बाटली. शिवाय इंजिन कोरडं पडू नये म्हणून एक माप जुनं ओळखीचं रिक्षाचं तेल.

काही आठवड्यांनी गाडी सकाळी खोकत उठू लागली. मागून निळसर धूर यायला लागला. समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला तो विझेना. चढावर गाडी थकलेल्या बैलासारखी मान टाकायची. पेट्रोलच खराब, असं म्हणून नाथा आणखी औषध घालायचा.

एका पाळीच्या दिवशी चिखलोलीजवळ, नव्या इमारतींच्या रांगेसमोर, गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. ऊन रस्त्यावर पसरलं होतं. मागच्या सीटवर रखमा पदराने वारा घेत होती.

"थांबलास का रं?"

"मी न्हाय थांबलो बाय. गाडी थांबली."

"मंग तिलाच सांग, माझी मशीन थांबायची न्हाय."

नाथाने चावी पुन्हा पुन्हा फिरवली. शेवटी एका रिक्षाला हात केला. दोघं डायलिसिसला पोचली, पण उशिरा; मशीनवर दुसरा पेशंट घेतला होता. नर्सने रखमाचे पाय दाबून पाहिले. बोटाचा खड्डा तसाच राहिला. उद्या सकाळी सगळ्यात आधी हिलाच घेते, तोवर पाणी आणखी कमी, आणि श्वास लागला तर वाट न बघता लगेच घेऊन या, असं तिने बजावलं.

महेश कॅम्प चारमधलाच मेकॅनिक. त्याने माणूस पाठवून गाडी ओढून आणली. संध्याकाळी दोघं भाऊबहीण त्याच्या गॅरेजवर थांबली. महेशने इंजिनातला एक स्पार्क प्लग काढून नाथाच्या तळहातावर ठेवला. काळाकुट्ट, तेलकट.

"काका, काय काय पाजलंत हिला?"

नाथाने सगळं सांगितलं. महेश हसला नाही.

"रिक्षाचं तेल त्या रिक्षाला लागायचं. हिचं तेल खाली इंजिनात वेगळं असतं, पेट्रोलमध्ये घालायचं नसतंच. ते जळून सगळीकडे बसलं. सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारी जाळी असते, ती चोक झाली. गाडीचा दम कोंडला, बस."

"आणि औषध?"

"चांगल्या कंपनीचं, मापात, कधीतरी घातलं तर बिघडत नाही. तुमच्या गाडीला ते लागतच होतं असंही नाही. पण दर फेरीला अख्खी बाटली?"

रखमा शेजारी स्टुलावर बसली होती. ती धापा टाकत म्हणाली, "मला घोट घोट मोजून देतोस आन् हिला बाटल्याच्या बाटल्या? ही तुझी लाडकी, व्हय रं?"

महेशने तोंड फिरवून हसू लपवलं. नाथाला हसताही येईना. त्याने तो प्लग कितीतरी वेळ हातातच धरला होता.

रात्र रखमाने उशांना टेकून, बसूनच काढली. सकाळी नाथाने तिला रिक्षाने नेलं आणि नर्सने लगेच मशीनवर घेतलं. नळीतून तिचं रक्त बाहेर येऊन पुन्हा आत जाऊ लागलं, आणि हळूहळू तिचा श्वास खाली बसला. नाथा बाहेरच्या बाकावर टेकला. पाठ दुखत होती, डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात महेशचा फोन आला.

"काका, नवी जाळी महाग पडेल. काही लोक ती काढून रिकामा पाइपच जोडून घेतात. गाडी पळेल, पण धूर तसाच बाहेर येणार. शिवाय ते कायद्यात बसत नाही. मी तर नाहीच करणार. तुम्ही दुसरीकडे करून घेणार असाल तर सांगा, गाडी सोडतो."

नाथाने दाराच्या काचेतून आत पाहिलं. रखमाला झोप लागली होती.

"न्हाय रं. नवी घाल," तो म्हणाला. "टाकी पूर्ण उपसून टाक. वरतून काय घालायचं, काय न्हाय, ते आता तूच सांगायचं. परवा बायला परत आणायचीय."

फोन खिशात ठेवून त्याने भिंतीला डोकं टेकलं. मशीनचा एकसुरी आवाज येत होता, आणि त्या आवाजात तोही बसल्या बसल्या झोपून गेला.