उस्तादांचे पाच ठिपके

"हात मागं, साहेब."

उस्तादांच्या तोंडचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. माझा धाकटा भाऊ शर्टाचं बटण लावत होता, ते काजात जात नव्हतं, म्हणून मी पुढे झालो होतो. मला अडवून उस्तादांनी स्वतःचेच हात पाठीमागे नेले आणि उजव्या मुठीत डावं मनगट धरून ते उभे राहिले. बटण लागलं, पण चुकीच्या काजात. उस्ताद म्हणाले, "लागलं का न्हाई? बरोबरचं काज उद्या."

पुढे कधीतरी ते पाणी पीत असताना माझी नजर त्यांच्या मनगटावर गेली. तिथे बोटांचे लाल वळ उठले होते. मदत न करणं त्या माणसाला किती जड जात होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ते दापोडीचे. एका कारखान्यात फिटर होते. नजर मंदावली, बारीक काम जमेना, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. त्याच सुमाराला चिंचवडला आम्ही सात-आठ जणांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या मोठ्या झालेल्या मुलांसाठी, भावंडांसाठी काम सुरू केलं होतं. त्यांना त्या काळी मतिमंद म्हणत. गल्लीत याहून वाईट शब्द होते, ते तुम्हीही ऐकले असतील. कंपन्यांकडून नट आणि वॉशर यायचे, ते मोजून पुड्या बांधायच्या, एवढंच काम. ते शिकवायला उस्तादांना ठेवलं. शुक्रवारी दुपारी नमाजापुरते ते दापोडीला जात, एरवी सायकल दिवसभर शेडच्या दाराशी.

माझा भाऊ तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. आई त्याला बाळ्या म्हणायची, म्हणून सगळेच बाळ्या म्हणत. उस्तादांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कागदावर काय नाव?"

"वसंत," मी म्हणालो.

"मग वसंतराव म्हणू. एवढा मिशीवाला बाप्या, आन् बाळ्या काय?"

त्या दिवशी घरी आल्यावर वसंता आरशासमोरून हलेना. मिशीवरून बोट फिरवायचा आणि हसायचा.

महिनाभराने उस्तादांनी मला शेडबाहेर बोलावलं. "साहेब, हा शंभर वॉशर मोजतो, एक चुकत न्हाई. मग घरी ह्याला चहा कोण देतं?"

"माझी बायको."

"ती न्हाई राहिली तर?"

मला राग आला. "तर मी आहे ना!"

"आन् तुमी न्हाई राहिला तर?"

आई गेल्यापासून हाच प्रश्न घरात फिरत होता, पण तोंडावर कुणी विचारला नव्हता. उस्तादांनी मात्र त्याचं उत्तर शोधून ठेवलं होतं. चिंचवड गावात दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या. वसंता आणि आणखी दोघं तिथे राहतील. भाजी-पोळीचा डबा घरून येईल, बाकी सगळं त्यांचं त्यांनी करायचं. केर, आंघोळ, कपडे, चहा, भात. रोज सकाळी उस्ताद येतील, पण चौकटीच्या बाहेर उभे राहतील.

पालक हसले. एक जण म्हणाले, "उस्ताद, ह्यांना लेंग्याची नाडी बांधता येत नाही आणि तुम्ही संसार थाटताय!"

"नाडी मलाबी बायकोनं शिकवली," उस्ताद म्हणाले. खोल्या घेतल्या गेल्या.

वसंताला अक्षर येत नव्हतं. बोटांना मात्र सगळं कळायचं. कारखान्यात लोखंडावर खूण करायला पंच वापरतात, टोकदार खिळ्यासारखा. उस्तादांनी घरून तो आणला आणि हातोडीने ठोकून वस्तूंवर ठिपके उठवले. रॉकेलच्या पेल्यावर एक. स्टोव्हच्या टाकीच्या झाकणावर दोन. वाती वर करायच्या किल्लीवर तीन. काड्यापेटी ठेवायच्या डबीवर चार. पातेल्याच्या कडेला पाच. वसंता अंगठा फिरवून ठिपका ओळखायचा, मोठ्याने आकडा म्हणायचा आणि ते काम करायचा. एक म्हणजे पेला भरायचा, दोन म्हणजे तो टाकीत ओतायचा, असं पाचापर्यंत.

"ठिपका चुकायचा न्हाई आन् ठिपका वाढायचा न्हाई," उस्ताद म्हणायचे. एक पेला रॉकेलमध्ये सकाळचा चहा, भात आणि संध्याकाळचा चहा होतो आणि टाकी कोरडी पडते, हे त्यांनी स्वतः आठ दिवस त्या स्टोव्हवर रांधून ठरवलं होतं.

कुणाचाही हात न लागलेला पहिला चहा वसंताने त्यांनाच दिला. उस्तादांनी तो सावकाश पूर्ण संपवला. कप खाली ठेवून म्हणाले, "वसंतराव, चहा झकास. फक्त साखरेच्या डब्यावर ठिपका मारायचा माझा राहिला." मी पातेल्यात उरलेला घोट चाखला. चहा मिठाचा होता.

आम्हा घरच्यांना एकच ताकीद होती. "तुमी बसा, चहा प्या, जा. त्याचं एक काम तुमी केलं तर तुमी गेल्यावर त्याला ते कसं कळायचं?" मी मान डोलावली होती. आता ज्यासाठी लिहायला बसलो तिथवर आलोच आहे.

खोल्या घेऊन पाच महिने झाले होते. रविवारी संध्याकाळी मी एकटाच गेलो. बाकीची दोघं सुट्टीला घरी गेली होती. वसंताने चहा केला. त्याला लागणारा वेळ मला सहन होत नव्हता. त्याच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटायची, हेही लिहून टाकतो. चहा झाल्यावर तो कप विसळायला बाहेर नळावर गेला. मी स्टोव्ह हलवून पाहिला. टाकी कोरडी होती. म्हणजे ती जशी असायला हवी तशीच होती, पण मला वाटलं, बिचाऱ्याला सकाळी पुन्हा खटाटोप. कोपऱ्यातला डबा उचलून मी टाकी काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि हात पुसले. घरी येताना मला फार बरं वाटत होतं.

सोमवारी सकाळी वसंताने अंगठा फिरवला. एक म्हणाला, पेला भरला. दोन म्हणाला, भरलेल्या टाकीत तो ओतला. रॉकेल स्टोव्हवरून ओट्यावर आणि त्याच्या बाहीवर सांडलं. सांडलं तर काय करायचं, हा ठिपका कुठेच नव्हता. तीन म्हणाला. चार म्हणाला आणि काडी ओढली.

उस्ताद दाराबाहेर होते म्हणून तो वाचला. गोधडी टाकून त्यांनी त्याला विझवलं. त्यात त्यांच्या भुवया गेल्या. वसंताचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दवाखान्यात उस्ताद त्याच्या खाटेशी वाकले. "वसंतराव, एकला काय केलं?" वसंताने सांगितलं. दोनला? तेही सांगितलं. पाचही बरोबर होते. उस्ताद माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग टाकी आदीच भरलेली आसंल." मी खिडकीबाहेर रिक्षा बघत होतो.

दोन दिवसांनी शेडमध्ये सगळे पालक जमले. आवाज चढले. "शिकलेला ना सवरलेला, ह्याच्या हाती पोरं दिली हीच चूक." "विस्तवापाशी कुणी ठेवतं का असल्यांना?" उस्ताद उभेच होते. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

"ठिपके बरोबर होते," ते म्हणाले.

"मग आग लागली कशी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात आरोप नव्हता. वर्गातल्या पोराला उत्तर येतंय हे माहीत असलेला मास्तर जसा थांबतो, तसे ते थांबले होते. मला फक्त चार शब्द बोलायचे होते, टाकी मी भरली होती. मी म्हणालो, "मला काय ठाऊक, उस्ताद? तिथं तुम्ही होता."

त्यांनी मान हलवली. "व्हय. मी होतो." खिशातून दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. "वसंतरावाचा हात बरा झाला की त्याला पुन्हा स्टोव्हपाशी न्या. लवकर न्या. न्हाईतर भीती बसंल." आणि ते सायकलवरून गेले.

खोल्या सुटल्या. ती दोघं आपापल्या घरी गेली आणि वसंता माझ्याकडे आला. त्याचा हात दोन महिन्यांत बरा झाला. आम्ही काड्यापेटी वरच्या फळीवर ठेवली. बायको त्याला भरवायला लागली ती हात बांधलेला होता म्हणून, आणि पट्टी निघाल्यावर तेच चालू राहिलं. सोय तिचीही होती आणि माझीही. वर्षभरात तो पुन्हा बाळ्या झाला. शेड त्याने सोडलीच होती. दारातल्या खुर्चीवर बसायचा.

मी उस्तादांकडे जाऊन खरं सांगू शकलो असतो. आमच्या पिंपरीहून दापोडी किती लांब? तीन-चार वर्षं मी रोज कामावर जाताना दापोडीवरून गेलो.

मग एकदा कंपनीच्या कामाने चाकणला गेलो. कांद्याच्या बाजाराचा दिवस होता, ट्रकांची रांग लागली होती. एका ट्रकखालून तेलकट कपड्यांतला म्हातारा सरपटत बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "साहेब! वळखलं का?"

मी नमस्कार केला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "वसंतराव काय करतो?"

खरं तोंडाशी आलं होतं. पण ते इतक्या आशेने बघत होते, की मी म्हणालो, "मजेत आहे. चहा करतो."

"स्टोव्ह पेटवतो? भ्याला न्हाई?"

"नाही भ्याला."

"आन् आणखी?"

थांबायला हवं होतं, पण मला थांबता आलं नाही. आजूबाजूला कांद्याची पोती होती, तेच डोक्यात आलं. "कांदा चिरतो," मी म्हणालो.

"कांदा? सुरीनं?" उस्ताद जवळ आले. "बोटं आत वळवून?"

"हो. आत वळवून."

"कांद्यापातूर आपण पोचलोच न्हवतो, साहेब. सुरी मी पुढच्या वर्षाला ठेवली होती. मग शिकवला कुणी?"

"मी," मी म्हणालो.

उस्तादांनी माझा हात दोन्ही तेलकट हातांत धरला. ट्रकवाल्याला हाक मारून म्हणाले, "अरे, हे साहेब बघ. भावाला कांदा चिरायला शिकवला ह्यांनी. लई अवघड काम हाय ते." ट्रकवाल्याला त्यातलं काही कळलं नाही. उस्ताद डोळे पुसत पुन्हा ट्रकखाली गेले. त्यानंतर ते मला कधीच दिसले नाहीत.

पुढच्या रविवारी मी वसंतासमोर पाट मांडला, त्यावर एक कांदा आणि सुरी ठेवली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, काय करताय? कापेल ना त्याला!"

वसंता कांद्याकडे बघत राहिला. मग मान वळवून त्याने दाराकडे पाहिलं आणि तसाच बघत बसला.

"अरे, घे की सुरी," मी म्हणालो.

"उस्ताद येऊ दे," तो म्हणाला.